बाहेर चार अंश

१

वर्कशॉप म्हणजे एका लांबट पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग. उरलेला अर्धा ठोक्याचा. ठोक्या चेपलेली दारं आणि बंपर ठोकून सरळ करायचा, दिवसभर त्याची हातोडी चालू, म्हणून तो ठोक्या. अलीकडच्या अर्ध्यातला गाड्यांचं वायरिंग बघायचा, म्हणून ठोक्या त्याला ‘करंट’ अशी हाक मारायचा. घरी मात्र तो धाकटाच. आईवडील लवकर गेले तेव्हा थोरल्यानं त्याला सांभाळलं, हाताला धरून या धंद्यात आणलं, स्वतःचं लग्न झाल्यावरही शेजारची खोली त्याच्यासाठी ठेवली. आता थोरला नव्हता, तरी धाकट्याला धाकटा म्हणणं काही कुणी सोडलं नव्हतं.

त्या दुपारी ऊन असं होतं की शेडच्या पत्र्याला हात लावला तर सालटं निघावं. वहिनी गाडी घेऊन आल्या. गाडी थोरल्याची. तो गेल्यावर वहिनी हट्टानं चालवायला शिकल्या होत्या, अजूनही गिअर टाकताना खालचा ओठ दातात धरायच्या.

“भाऊजी, हे बघा जरा. बाहेर चार अंश दाखवतंय.”

धाकट्यानं खिडकीतून वाकून पाहिलं. डॅशबोर्डवरच्या छोट्या चौकोनात हिरवा आकडा होता. चार.

“चार?” ठोक्या पलीकडून ओरडला. “मग मला आत बसू दे की रे! बनियन पिळून पिळून हात दुखले माझे.”

तिघंही हसले. धाकट्याला यात काहीच नवल वाटलं नाही. बाहेरची हवा मोजणारा सेन्सर बंपरच्या आत, जाळीमागे लटकत असतो, वाटाण्याएवढा. थंडी वाढली की त्याच्यातून करंट जायला जड जातं, उकाडा वाढला की सोपं जातं. त्या हिशेबानं गाडी आकडा दाखवते. चिखल उडतो, पाणी लागतं, प्लगमध्ये हिरवी बुरशी धरते आणि मग गाडी वाटेल ते बडबडते.

“दहा मिनिटांचं काम आहे वहिनी. तुम्ही पंख्याखाली बसा.”

वहिनी पंख्याखाली बसल्या नाहीत. गाडीशेजारीच उभ्या राहिल्या, एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तशा.

२

धाकट्यानं बंपर सैल केला, हात आत घातला, सेन्सर चिमटीत धरून बाहेर काढला. प्लग स्वच्छ होता. वायर कुठं सोललेली नव्हती. मीटर लावून पाहिलं तर सेन्सरही ठणठणीत, उन्हात जेवढं दाखवायला हवं तेवढंच दाखवत होता. तरी त्यानं नवा सेन्सर जोडला. चावी फिरवली.

चार.

मग त्यानं सेन्सर काढूनच टाकला. वायर मोकळी लोंबकळत ठेवली. आता गाडीला बाहेरचं काहीच कळायला नको होतं. अशा वेळी चौकोनात नुसत्या रेघा येतात, नाहीतर उणे चाळीस असला काहीतरी अचाट आकडा.

आकडा पाच झाला.

“झालं का?” वहिनींनी विचारलं.

“होतंय. गाडीच्या डोक्यात जुना आकडा अडकून बसतो कधीकधी.”

हे काही खोटं नव्हतं. तसं होतं. पण अडकलेला आकडा चाराचा पाच होत नाही. धाकट्यानं बॅटरीची वायर काढली, चहा पिऊन आला, पुन्हा जोडली. घड्याळ शून्यावर गेलं होतं, रेडिओची स्टेशनं पुसली गेली होती. म्हणजे गाडी सगळं विसरली होती. पाच मात्र तिथंच.

थोरला पुढं शेड धाकट्यावर सोपवून टेलिफोनच्या टॉवरची देखभाल करायला लागला होता. सगळ्यात लांबचा टॉवर वर खिंडीत होता, जिथं उन्हाळ्यातही लोक कानटोपी घालून फिरतात. दोन हिवाळ्यांपूर्वी तो तिथं गेला. संध्याकाळी रस्ता साफ करणाऱ्यांना त्याची गाडी कडेला उभी दिसली. इंजिन चालू, हीटर चालू, ड्रायव्हरचं दार सताड उघडं, कोट मागच्या सीटवर. रात्री बर्फ पडलं. शोधायला माणसं गेली, कुत्री नेली, धाकटाही गेला. काहीच हाती लागलं नाही. शेवटी धाकट्यानंच ती गाडी चालवत खाली आणली, आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. लोक म्हणाले, गेला. वहिनींनी तो शब्द घरात येऊ दिला नाही.

“वहिनी, गाडी इथंच ठेवा आज. उद्या बघतो.”

“नको,” त्या इतक्या पटकन म्हणाल्या की ठोक्याची हातोडीही थांबली. “राहू दे तसंच. माझं काही अडत नाही त्याच्यावाचून.”

३

रात्रीचं जेवण धाकटा वहिनींकडेच जेवायचा. त्या दिवशी ताट वाढून झाल्यावर वहिनी समोर बसल्या आणि भांड्यातलं पाणी उगाच इकडून तिकडं ओतत राहिल्या.

“भाऊजी, एक सांगू? हसाल.”

“सांगा की.”

“मी गेले कितीतरी दिवस बघतेय. सकाळी तो आकडा खाली असतो. दुपारी वर चढतो, एखाद-दोन अंश. संध्याकाळी परत खाली. मागच्या आठवड्यात एकदा उणे झाला होता. आपल्याकडं तेव्हा रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.”

“खराब सेन्सर असंच करतो.”

“करत असेल.” वहिनींनी मान खाली घातली. “तुम्ही म्हणता तर करत असेल. पण मी रोज सकाळी आधी जाऊन गाडीत बसते. चावी फिरवते. आकडा बघते आणि मग मला कळतं, आज त्यांना किती थंडी वाजत असेल. एवढं तरी कळतं. इतके दिवस तेवढंही कळत नव्हतं.”

धाकट्यानं मोडलेला घास परत ताटात ठेवला. माणूस गेला की बायको त्याच्या शर्टाचा वास घेते, त्याच्या चपला उंबऱ्यात ठेवते. वहिनी आकडा बघत होत्या. कुणाचं काय नुकसान होतं त्यात?

खोलीवर परत आल्यावर त्यानं मोबाईल काढला. नको नको म्हणत खिंडीतलं हवामान शोधलं. तिथं आत्ता दोन अंश होते. तो अंगणात गेला, गाडीच्या काचेला नाक लावून पाहिलं. गाडी बंद होती, चौकोन काळा. मग स्वतःवरच चिडून त्यानं वहिनींकडून चावी मागून आणली आणि फिरवली.

दोन.

‘योगायोग,’ तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. आवाज गाडीत भलताच घुमला, जणू गाडी आतून होती त्यापेक्षा मोठी होती.

४

गाडीत असे सेन्सर तीन-चार असतात. एक इंजिनच्या पाण्यात, एक एसीच्या आत, एक बाहेर बंपरमागे. आणि एक आतली, माणसं बसतात तिथली हवा मोजणारा. हा स्टिअरिंगजवळ एका बारक्या जाळीमागे लपलेला असतो. त्याच्या पाठीशी नखाएवढा पंखा असतो, तो गाडीतली हवा हळूहळू आत ओढून घेतो, म्हणजे खरी ऊब कळावी. तो पंखा चालतोय की नाही हे बघायची युक्ती धाकट्याला थोरल्यानंच शिकवली होती. कागदाचा पातळ कपटा जाळीसमोर धरायचा. जाळीला चिकटला, की सगळं ठीक.

त्यानं ठरवलं, सगळे सेन्सर एकेक करून तपासायचे. कुठंतरी दोन वायरी एकमेकींना लागत असणार. दुसऱ्या दिवशी वहिनींना कसंबसं पटवून गाडी शेडमध्ये आणली. इंजिनचा ठीक. एसीचा ठीक. मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दार लावून घेतलं, बिलाचा एक कपटा फाडला आणि जाळीसमोर धरला.

कपटा जाळीकडे गेला नाही. तो त्याच्याकडे आला. हलकेच उचलला गेला, थांबला, खाली पडला. पुन्हा उचलला गेला. थांबला. खाली पडला.

पंखा उलटा बसवला असेल, त्याला वाटलं. पण उलटा पंखा एकसारखी हवा फेकतो. थांबत नाही. धाकट्यानं कपटा टाकला आणि बोट जाळीपाशी नेलं. बोटाला ऊन आणि ओलसर लागलं, मग काही नाही, मग पुन्हा ऊन आणि ओलसर. त्याला निलगिरीचा बारीक वास आला. खोकल्याच्या गोळीचा. थोरल्याच्या गालात कायम एक असायची.

धाकटा हलला नाही. पळावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, त्याहूनही जास्त, तिथंच बसून राहावंसं वाटलं. कपाळ स्टिअरिंगवर टेकवून, त्या जाळीला कान लावून. किती वेळ तो बसला कोण जाणे.

ठोक्यानं काचेवर टकटक केली तेव्हा तो केवढ्यानं दचकला.

“अरे ए करंट! झोपलास की काय? काचा बघ कशा झाल्यात.”

काचांवर आतून वाफ धरली होती. सगळ्या काचांवर, मागच्या सीटच्यासुद्धा. एका माणसाच्या श्वासानं एवढी धरत नाही.

धाकट्यानं जाळीवर काळी चिकटपट्टी लावली, एकावर एक अशा बऱ्याच, आणि गाडी वहिनींना परत दिली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी पट्टी काढून टाकली. ना त्यांनी विचारलं, ना यानं.

५

त्यानंतर वहिनी बदलल्या. म्हणजे वाईट नाही, उलट चांगल्याच दिसायला लागल्या. केस नीट बांधायच्या. काम करता करता गुणगुणायच्या. फक्त हात गार असायचे. ताट देताना बोटं लागली की धाकट्याच्या अंगावर काटा यायचा.

एकदा तो दुपारी अवेळी घरी आला, मीटरची सुटी बॅटरी न्यायला. अंगणात, पायरीसमोर, भर उन्हात, गाडी उभी होती. सावलीला चांगली जागा असताना उन्हात. इंजिन चालू होतं. काचा पांढऱ्याशुभ्र, आत काही दिसेना.

“वहिनी?”

त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढलं. आतून असा गारवा आला की त्याच्या घामेजल्या पायांची बोटं आखडली. बाहेर माणूस भाजून निघत होता, आत हीटर पूर्ण सोडलेला, फणफण आवाज करत होता, त्यातून झळा येत होत्या, आणि तरी वहिनी बोलल्या तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

“दार लावा भाऊजी. आत्ता कुठं ऊब आली होती त्यांना.”

त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर थोरल्याचा कोट पसरला होता, झोपलेल्या माणसाला पांघरूण खोचतात तसा दोन्ही बाजूंनी खोचून. सीट मधोमध खाली दबलेली होती. चौकोनात अकरा होते.

“बघा,” वहिनी म्हणाल्या. ओठ निळे पडले होते, पण डोळे हसत होते. “चारावरून अकरावर आणलं मी. रोज थोडं थोडं. तुम्ही म्हणत होता सेन्सर खराब...”

पुढचं वाक्य त्यांना जमलंच नाही. मान एका बाजूला कलली.

धाकट्यानं विचार केला नाही. वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, वहिनींना दोन्ही हातांनी उचललं. त्या लाकडासारख्या गार आणि हलक्या लागल्या. दार त्यानं पायानं ढकलून लावलं आणि तो घराच्या पायरीकडे धावला. पायरीवर त्यांना टेकवून मागं वळून पाहिलं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार तो उघडंच टाकून आला होता. ते आता बंद होतं.

आणि त्या दाराच्या काचेवरची वाफ आतून कुणीतरी पुसत होतं. घाईनं नाही. बाहेर कोण आलंय ते बघायला माणूस तळव्यानं पुसतो तसं, एका जागी, गोल गोल. तळहाताएवढी काच स्वच्छ झाली. त्या काचेतून सीट दिसायला हवी होती, पलीकडची खिडकी, शेजारच्यांची विटांची भिंत. दिसली ती पांढरी उतरण आणि तिच्यावर वाऱ्यानं सरपटत जाणारं पांढरंच काहीतरी.

‘दादा,’ असा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच राहिला. चार पावलांवर गाडी होती. तो पायरीवरून उतरला नाही.

बघता बघता काच पुन्हा पांढरी झाली.

६

गाडी बंद करायला त्यानं ठोक्याला फोन करून बोलावलं. काही कारण सांगितलं नाही, ठोक्यानंही विचारलं नाही. त्यानं दार उघडलं, चावी काढली आणि हात चोळत बाहेर आला.

“आत काय फ्रीज ठेवलायस काय रे?” त्यानं हसत विचारलं. धाकट्याचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं. “बरं, मी आहे शेडमध्ये. लागलं तर हाक मार.”

संध्याकाळपर्यंत वहिनी सावरल्या. दोन चादरी अंगावर घेऊन, गरम पाण्याचा पेला हातात धरून बसल्या. मग त्या म्हणाल्या,

“तुम्ही काहीतरी बघितलंत.”

“काही नाही बघितलं.”

“मग गाडी बंद करायला स्वतः का गेला नाहीत?”

धाकट्यानं सांगितलं. सगळं नाही, पण काच पुसली ते सांगितलं. वहिनींनी पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना.

“म्हणजे त्यांना घर दिसलं असेल. तुम्ही दिसला असाल.”

“वहिनी, हे बरं नाही. आज मी आलो नसतो तर...”

“तर काय? मी मेले असते?” त्यांचा आवाज चढला नाही. “भाऊजी, तुम्हाला त्यांची आठवण येते का हो?”

हा काय प्रश्न झाला? धाकट्याला राग आला. मग रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. रोज संध्याकाळी शेडचं शटर ओढताना तो एक क्षण थांबायचा, कारण शटर अर्ध्यावर आलं की खालून वाकून आत शिरायची थोरल्याची सवय होती. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

“मग मला एकदा तिथं न्या,” वहिनी म्हणाल्या. “दोन वर्षं मी म्हणतेय, तुम्ही टाळताय. एकदा न्या. त्यांना एक हाक मारू दे. नाही ओ मिळाली, तर गाडी मोडीत काढा. मी चकार शब्द काढणार नाही.”

७

पहाटे निघाले. घराला कुलूप धाकट्यानं लावलं. चौकोनात तीन होते, बाहेर अंगाची चिकचिक होत होती.

सपाटी संपली, चढ सुरू झाला. झाडं बुटकी झाली, मग नाहीशी झाली. एकेका वळणावर हवा पातळ आणि गार होत गेली. आकडा मात्र तिनावरून चारावर आला तेवढाच. धाकट्याच्या लक्षात आलं, की आकडा कुठंच जात नव्हता, आपणच त्याच्याकडे चाललो होतो.

खिंडीत पोचले तेव्हा ऊन होतं, पण ऊब नसलेलं. रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडा, वर टॉवर, खाली दगडांची उतरण आणि कड्यांच्या सावलीत उरलेलं मळकट बर्फ. गाडी जिथं सापडली होती तिथंच धाकट्यानं ती उभी केली. खाली उतरल्यावर वाऱ्यानं कान कापून काढले. त्यानं सोबत आणलेला थर्मामीटर कठड्यावर ठेवला. चार. गाडीतही चार.

दोन महिन्यांत पहिल्यांदा गाडी खरं बोलत होती. धाकट्याच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. शेवटी यंत्रच ते, बिघडलं होतं, थंडीत आपोआप ठिकाणावर आलं. त्याला हसूच आलं.

वहिनी कठड्याशी गेल्या. कोट त्यांच्या हातावर होता. आयुष्यात कधी त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, इथंही घेतलं नाही.

“अहो!”

समोर कडा होता, सरळसोट. अशा जागी हाक मारली की ती परत येते. आली नाही. कापसात दगड पडावा तशी आत गेली.

“अहो, ऐकलंत का?”

मग धाकट्यालाही राहवेना. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “दादा!” त्या दुपारी ओठांवर राहिलेला शब्द तो. आवाज लहान मुलासारखा चिरकला. “ए दादा! चल ना घरी!”

तोही परत आला नाही.

किती वेळ दोघं उभी होती. मग वहिनींनी कोट कठड्यावर पसरला, बाह्या खाली सोडल्या, कॉलर नीट केली. “असू दे इथं,” म्हणाल्या आणि वळल्या. रडल्या नाहीत. धाकट्याला वाटलं, संपलं. आता घरी जायचं, गाडी विकायची, वहिनींना हळूहळू बरं वाटेल.

गाडीत बसून त्यानं चावी फिरवली.

सव्वीस.

दोघंही त्या चौकोनाकडे बघत राहिली. सव्वीसाचे सत्तावीस झाले. बाहेर कठड्यावर थर्मामीटर चारच दाखवत होता, कोटाच्या बाह्या वाऱ्यावर हेलकावत होत्या. अठ्ठावीस. एकोणतीस. एकतीसावर येऊन आकडा थांबला.

धाकट्यानं गार पडलेल्या बोटांनी ठोक्याला फोन लावला.

“उकडतंय का रे तिकडं?”

“उकडतंय म्हणजे? भट्टी झालीय. एकतीस दाखवतोय मोबाईल, अजून दुपार व्हायचीय. का रे? पोचलात का?”

“पोचलो,” धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला.

वहिनींनी ऐकलं होतं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

“अगंबाई,” त्या पुटपुटल्या. “आपण घर बंद करून आलो. भाऊजी, गाडी वळवा. वळवा लवकर, ते उन्हात दारात उभे असतील.”

८

उतरणीवर वहिनी सारख्या बोलत होत्या. आधी अंघोळीचं पाणी तापवायचं, चांगलं कडकडीत, दोन वर्षांची थंडी आहे अंगात. मग जेवायला काय. कपडे वरच्या कप्प्यात आहेत, घड्या मोडलेल्या नाहीत. त्यांनी आरसा खाली ओढून केस सारखे केले. धाकटा हूं हूं करत होता.

तो आकड्याकडे न बघायचा प्रयत्न करत होता. दुपारी आकडा अडतीसवर गेला. ऊन कलल्यावर खाली यायला लागला. घरचं ऊन कलत असणार. दोन हिवाळे बर्फात काढून माणूस घरी येतो, तर तो आता कसा असेल? काय खात असेल, काय बोलत असेल, हात लावला तर कसा लागेल? वहिनींना हे सुचत कसं नाही? की सुचूनही त्यांना चालणार आहे?

त्याला भीती वाटत होती, खरीखुरी. ब्रेकवर पाय द्यावा, कुठल्यातरी ढाब्यावर गाडी लावावी, रात्र तिथंच काढावी, असं दहादा मनात आलं. पाय मात्र ॲक्सिलरेटरवरून निघत नव्हता. वळणावर टायर किंचाळत होते आणि तरी त्याला गाडी मंद वाटत होती.

सपाटी आली. काचा खाली केल्या तसा कोंदट वारा आत शिरला. गावात शिरताना रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते. चौकोनात तेहतीस होते आणि बाहेरही तेवढंच असेल. आता बघून काही कळणार नव्हतं. आता गाडी कुणालाही बरोबरच वाटली असती.

फाटकाबाहेर रस्त्यावर गाडी पुरती थांबायच्या आत वहिनींनी दार उघडलं. फाटकातून त्या आत गेल्या, झाडामागून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. दरवाजा झाडापलीकडे होता, रस्त्यावरून दिसत नसे.

धाकट्यानं इंजिन बंद केलं. पुढचा पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मग तोही थांबला. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. घरात अंधार होता.

पँटच्या खिशात किल्ली मांडीला टोचत होती. त्या कुलपाला दोनच किल्ल्या. एक ही. दुसरी थोरल्याच्या खिशातून खिंडीत गेली होती. आता वहिनी दारापर्यंत पोचल्या असतील. आता कुलूप बघतील. आता हाक येईल, भाऊजी, किल्ली द्या. त्यानं किल्ली काढून हातात धरली आणि वाट बघत बसला.

हाक आली नाही.

पुढच्या खोलीत दिवा लागला. उघड्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला, “अहो...” हाक मारल्यासारखा नव्हे. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलावं, तसा हळू. त्यानंतर थोडी शांतता, कुणी उत्तर द्यायला लागावं तेवढी. ते उत्तर इथवर ऐकू येत नव्हतं.

धाकट्यानं गाडीचं दार उघडलं.